तुळाजीची इर्जिक

फार फार वर्षांपूर्वी, तरसवाडीचा माळ नुसता गवताचा होता, तेव्हाची ही गोष्ट. गवत इतकं उंच, की बैल आत शिरला तर त्याची फक्त शिंगं दिसायची. झाड औषधालाही नव्हतं. आज जिथे बाजरी डोलते आणि तुरीला शेंगा लटकतात, तिथे तेव्हा तरस फिरायचे आणि टिटव्या ओरडायच्या. त्या माळाला पहिला नांगर लावला तो तुळाजीनं, असं म्हणतात. अगदी पहिला का, असं मला विचारू नका. मी तिथे नव्हतो, आणि जे होते त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. का, ते ऐका.

तुळाजी दिसायला कसा होता, यावर तरसवाडीत अजून भांडणं होतात. कोणी म्हणतं ताडमाड होता, कोणी म्हणतं बुटकाच, पण पाठ दगडाची. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. त्याचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. शेतातले दगड वेचून तो बांध रचायचा. संध्याकाळी घरी येताना धोतराच्या सोग्यात पोरींसाठी काहीतरी असायचंच, कधी बोरं, कधी टिटवीचं पीस. दोन पोरी होत्या त्याला. ढेकळं फोडायच्या फळीवर वजन म्हणून त्यांना बसवायचा आणि त्या खिदळत शेतभर फिरायच्या. बायको चांगुणा ओरडायची, "अवं, पडत्याल त्या!" आणि हा हसत बैल आणखी जोरात हाकायचा. असा घरवेडा माणूस.

आता माळाची जमीन म्हणजे काय चीज! गवताची मुळं खाली एकमेकांत अशी गुंतलेली, की एका बैलजोडीनं नांगर हलायचाच नाही. म्हणून तरसवाडीत इर्जिक घालायचे. ज्याचं शेत नांगरायचं, त्यानं घरोघरी पानसुपारीचा विडा द्यायचा. विडा मिळाला की सगळ्या गावानं आपापली जोडी घेऊन त्याच्या शेतात जायचं. दिवसभर राबायचं, आणि शेतमालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. विड्याशिवाय मात्र कोणी कोणाच्या शेतात औत घालायचं नाही. न बोलावता औत घातलं, तर 'तुला तुझं शेत जमत नाही' असं त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं. त्यावरून डोकी फुटायची.

गावात कोणाचीही इर्जिक असो, तुळाजी सगळ्यांच्या आधी हजर. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, त्यानंच धरायचं, असा पायंडाच पडला होता. त्यानं तास धरलं की जमीन आपोआप वाट द्यायची, दगड बाजूला सरकायचे, असं म्हणतात. सगळ्यांची शेतं झाली की शेवटी तो आपल्या शेताकडे वळायचा. तिथे मात्र एकटाच. त्यानं कधी विडा फिरवलाच नाही.

चांगुणा म्हणायची, "एकदा तरी विडा फिरवा की. समद्यांच्या रानात तुमी मरता."

"अगं, मागाय गेलो तर त्यास्नी वाटंल, केल्यालं वसूल कराय आला. दिसतंय की त्यास्नी. यायचं त्ये येत्याल."

आणि गाव काय म्हणायचं? तुळाजीला कशाला पाहिजे मदत? त्याच्या अंगात दहा बैलांचं बळ. बोलवील तेव्हा जाऊ. तो म्हणतो येतील, हे म्हणतात बोलवील. खरं सांगू? मला गावाचा राग येतो, आणि तितकाच तुळाजीचाही येतो. एक पान आणि एक सुपारी, एवढंच तर द्यायचं होतं!

मग ते वाईट वर्ष आलं. उन्हाळ्यात चारा संपला आणि तुळाजीच्या जोडीतला कोसा बैल दावणीलाच मेला. उरला एकटा खैऱ्या. तरी तुळाजी त्याला घेऊन सगळ्यांच्या इर्जिकीला गेला, कोणाच्या तरी सुट्या बैलाशी जोडून नांगर धरला. सगळ्या गावाची नांगरट झाली. आभाळ भरून आलं. फक्त तुळाजीचं शेत तसंच पडून होतं. पावसाआधी ते झालं नाही तर पेरा गेला, आणि पेरा गेला तर पोरींना घेऊन माळ सोडायचा, दुसरं काही उरलं नव्हतं.

मग एका सकाळी चांगुणेनं नवऱ्याला न विचारता कणगी झाडली. होतं नव्हतं तेवढं दळलं आणि टोपलंभर भाकरी थापल्या, गावाला पुरतील एवढ्या. विडा नाही तर नाही, पण शेतात नुसती टोपली दिसली तरी माणसं समजतील, असं तिला वाटलं. तुळाजीनं रचलेल्या बांधावर एवढ्या वर्षांत एकच बाभळ वाढली होती. तिच्याखाली टोपली ठेवून तिनं पोरींना कावळे हाकायला बसवलं.

आणि तुळाजीनं जू उचललं. एका बाजूला खैऱ्या, दुसऱ्या बाजूला तो स्वतः. चांगुणेनं नांगर धरला.

गावानं पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं! माणसं शेताच्या कडेला येऊन उभी राहिली. शेजारचा बांधकरी देवबा, ज्याचं सगळं रान तुळाजीनं नांगरून दिलं होतं, तो बैल जुंपून तयार उभा होता. कोणीतरी म्हणालं, "चला की रं आत." देवबा म्हणाला, "इडा कुठं दिलाय? त्येचा अपमान व्हईल. हाक मारू दे, लगेच जाऊ." तुळाजीनं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यानं हाक मारली नाही. थोड्या वेळानं माणसं पांगली.

"आये, मानसं कवा येनार?" पोरी विचारत होत्या.

त्या दिवशी सूर्य मावळायचा थांबला होता, असं म्हणतात. ढग पाणी घेऊन माळाच्या टोकावर तटून राहिले. तुळाजी ओढत होता आणि जमीन उकलत होती. शेवटचं तास झालं, तेव्हा कुठे सूर्य खाली गेला. तुळाजीनं मानेवरचं जू काढलं, खैऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाभळीला टेकून बसला.

"कुनी आलं का गं?" त्यानं विचारलं.

म्हणजे तोही दिवसभर वाटच बघत होता. चांगुणेच्यानं 'न्हाई' म्हणवेना. ती म्हणाली, "येत्याल." त्यानं मान डोलावली, आणि ती मान पुन्हा वर आली नाही.

सकाळी गाव आलं. रात्रभर कोणाला झोप नव्हती. अपमान झाला तर झाला, असं म्हणून देवबा पुढे आणि मागून सगळ्या जोड्या. पण शेत नांगरून झालेलं होतं. बांधापासून बांधापर्यंत काळीभोर माती, नांगर टेकवायलाही जागा नाही. आणि बाभळीखाली चांगुणा बसलेली, मांडीवर तुळाजीचं डोकं.

त्याला त्याच्याच शेताच्या कडेला अग्नी दिला. चिता विझेपर्यंत पाऊस आभाळात थांबून राहिला, असं म्हणतात. माणसं खाली मान घालून निघाली, तेव्हा चांगुणेनं टोपलीवरचं फडकं काढलं.

"बसा," ती म्हणाली. "जेवून जावा. कालच्या हाईत. तुमच्यासाठीच केल्या व्हत्या."

माणसं टोपलीभोवती बसली. देवबा भाकरी हातात धरून लहान पोरासारखा रडला. पण ती टोपली त्यांनी संपवली, आणि मग पाऊस आला. चांगुणेचा पेरा गावानं केला. त्या वर्षी त्या शेतात बाजरी अशी आली, की घोडेस्वार आत शिरला तर दिसू नये. पोरींनी माळ सोडला नाही.

तेव्हापासून तरसवाडीत इर्जिकीचा विडा बंद झाला. आजही नांगरटीच्या दिवसांत गाव आधी त्याच्या घरी जातं, ज्यानं कोणाला काही सांगितलेलं नसतं. इर्जिकीला इतर गावांत पुरणपोळी असते, मटण असतं. इथे त्या दिवशी चूल पेटत नाही. सगळे आदल्या दिवशीची शिळी भाकरी खातात, कारण तेव्हा गाव एक दिवस उशिरा पोचलं होतं. आणि औत आत घालण्यापूर्वी गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस बांधावर उभा राहून मोठ्यानं विचारतो, "तुळाजी, येऊ का रं?"

उत्तराची वाट कोणी बघत नाही. बैल तोवर आत गेलेले असतात.