ओल्या वाकळा

"सुनेच्या कानावर जाऊ देऊ नगंस, तानू. शिकलेली हाय. आजच गाडीत घालून न्हेईल."

ती सून म्हणजे मी. भिंतीच्या या बाजूला उभी होते. हातात मठासाठी आणलेला ताकाचा तांब्या. लग्नाला सहा महिने झालेले.

तानू म्हणजे मठातल्या आक्का. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं आणि पाया पडतं. तानू म्हणणारी एकच, माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. दोघी एकाच वर्षी एकाच गल्लीत नांदायला आल्या. एक संसारात राहिली. दुसरी नवरा गेल्यावर हिरण्यकेशीच्या काठावरच्या या मठात आली आणि गावची शीव पुन्हा ओलांडायची नाही असं व्रत घेऊन बसली. त्याला एकवीस वर्षं झाली.

"आजबी थांबलं न्हाई व्हय?" आक्कांचा आवाज.

"न्हाई."

"पाळी जाऊन सा वर्सं झाली तुझी, हौसा."

"मला काय सांगतीस. माझीच हाय."



आत्या मागच्या दाराने घाटावर उतरल्या. मी पुढच्या दाराने आत गेले.

मी रक्त तपासायचं शिकले आहे. दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी केली आहे. पाळी गेल्यावर इतक्या वर्षांनी अंगावरून जायला लागलं तर काय काय असू शकतं, ते मला आक्कांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि तसं ते माझ्या चेहऱ्यावरही दिसत असावं. घरात मी 'हो' आणि 'अजून वाढू का?' यापलीकडे जात नसे. मठात मात्र तोंड सुटलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार म्हैनं."

"तुम्ही मैत्रीण ना त्यांची? चार महिने गप्प कशा बसलात?"

आक्कांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, ताक पातेल्यात ओतलं, तांब्या विसळून परत दिला.

"परवा घट हाय," त्या म्हणाल्या.

एवढ्यात सगळं आलं. गावच्या देवीचा पहिला घट बसवायचा मान आमच्या घराचा. तो बसवते घरातली थोरली बाई, जिची पाळी गेली आहे अशी. पाळी गेल्यापासून देव्हारा आत्यांच्या ताब्यात होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्यांच्या ताब्यात आलं होतं. घरी कळलं असतं तर तो गेला असता. मामंजींनी देव्हारा धुऊन काढला असता, आणि दवाखान्याचं बोलणं त्यानंतर कधीतरी.

"घटापायी जीव द्यायचा?" मी विचारलं. "तुम्ही एवढ्या जाणत्या. लोक तुम्हाला विचारायला लांबून येतात. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"काय न्हाई."

"मग उपयोग काय तुमचा?"

आक्का उठल्या. "चल. तुझी धुणी पडल्यात खाली."

दसऱ्याच्या धुण्यांचा दिवस होता. नवरात्राआधी घरातली चिंधीन् चिंधी नदीवर येते. घाटावर सगळ्या दगडांवर बायका होत्या. आमच्या दगडापाशी आठ वाकळा भिजत पडल्या होत्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले. कोरडी असताना ऊब देते. ओली झाली की तिचं माणसाएवढं वजन होतं.

आक्कांनी त्यातली सगळ्यात जाड वाकळ पायाने दाखवली.

"ही पीळ."

"आणि आत्यांचं?"

"पीळ म्हंते न्हवं."

मी एक टोक पायाखाली दाबून दुसरं पिळलं. पाणी या टोकातून निघून त्या टोकात गेलं. दगडाला वेढा दिला, तर वाकळ दगडासकट घसरली. उचलून खांद्यावर घेतली. वाकळ होती तशीच राहिली आणि मी मात्र नखशिखांत भिजले.

"नवी नवरी वाकळंसंगं कुस्ती खेळतीया," शेजारच्या दगडावरून आलं.

"धोबीपछाड मार की गं."

"वाकळच मारंल तिला."

बायका हसत होत्या. आक्का पायरीवर बसून बघत होत्या. त्या हसत नव्हत्या.

शेवटी मी धापा टाकत म्हणाले, "आक्का, दुसरं टोक धरा ना."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"हौसा," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये. सुनंला टोक धर."

आत्या दोन दगड पलीकडे नुसतेच रुमाल बुचकळत होत्या. त्या आल्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि पदर खोचून टोक धरलं.

मी पीळ दिला.

पलीकडून काही आलंच नाही. वाकळ त्यांच्या हातात नुसती फिरत राहिली. मी आणखी जोर लावला, तशी ती त्यांच्या हातातून सुटली आणि पाण्यात पडली.

"निसटलं गं जरा," आत्या म्हणाल्या आणि आपले तळहात बघू लागल्या.

मीही बघितले. पांढरे होते. पाण्याने पांढरे होतात तसे नव्हते. असा रंग मी लॅबच्या टेबलापलीकडे बघितला होता, आणि अशा बाईला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही असा आमचा नियम होता.

सहा महिने मी या हातची भाकरी खाल्ली होती.

आत्या पायरीवर बसल्या. पाणी गुडघ्यापर्यंत येत होतं तरी उठल्या नाहीत.

आक्का पाण्यात उतरल्या. पडलेलं टोक उचललं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पिळणारी एकच असती, पोरी. दुसरीनं सोडायचं न्हाई, एवढंच."

मी पिळलं. घाण पाण्याची धार लागली...

"मठाची वाकळ दर म्हैन्याला आमी दोघीच पिळतो," आक्का म्हणाल्या. बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या आत्यांकडे. "जेठात हिनं धरली. आषाढात हिच्या हातनं निसटली. मला तवाच कळलं."

"मग?"

"मग सरावणात मी हलकी वाकळ काढली." त्या थांबल्या. "भादव्यात नुसती चादर."

वाकळेतून आता थेंब थेंब पडत होते.

"मघा काय इचारलंस? मी गप्प न्हवते बसले. मी चादर काढली."

आत्या रडत होत्या. आवाज नव्हता. आक्का त्यांच्याशेजारी पाण्यातच बसल्या आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"सांगायचं तर तू सांग, तानू," आत्या म्हणाल्या. "माझ्या तोंडानं न्हाई."

धुणी न्यायला मामंजी आणि हे गाडी घेऊन आले, तेव्हा ऊन उतरत होतं. आक्कांनी दोन वाक्यांत सांगितलं. अंगावरून जातंय. चार महिने झाले.

ह्यांनी मोबाइल बाहेर काढला आणि नुसताच धरून उभे राहिले.

मामंजी एक पायरी मागे सरकले.

"चार म्हैनं? आन् देव्हाऱ्यात जात हुती?"

त्यांचा पहिला प्रश्न हा होता. दुसरा नव्हताच...

मग ते जरा निवळले. वाईट माणूस नाहीत. "बायकांचं असलं काय ना काय चालतंच. घट ह्या खेपंला माझी धाकटी भावजय बसवंल. नऊ दिस जाऊ देत. दसरा झाला की मी सोता न्हेतो."

"व्हय," आत्या लगेच म्हणाल्या. "दसरा होऊ दे."

ह्यांनीही मान हलवली. सगळ्यांचं एकमत झालं होतं.

आक्का उठल्या. आत्यांच्या बगलेत हात घालून त्यांना उठवलं, पायऱ्या चढवल्या आणि गाडीत बसवलं. मागची सीट धुण्यांसाठी मोकळी ठेवलेली होती. मग स्वतः शेजारी बसल्या.

"आक्का," मामंजी म्हणाले, "गडहिंग्लजचा दवाखाना शिवेबाहेर येतोय. तुमचं व्रत?"

"व्रत परत धरता येतं."

मी ह्यांच्या हातातून किल्ली घेतली. माहेरी मी पाच वर्षं गाडी चालवली आहे. या घरात कुणी विचारलं नव्हतं.

"अगं पण," हे म्हणाले, "एवढी धुणी? दोघांनी हितं करायचं काय?"

घाटावरच्या सगळ्या बायका बघत होत्या. मामंजीही बघत होते. लग्नानंतर मी त्यांच्याशी मान वर करून कधी बोलले नव्हते.

"वाकळा ओल्या आहेत, मामंजी. एकानं पिळा. दुसऱ्यानं सोडायचं नाही."