साचा आणि उकड

एकदा एक तरुण प्रोग्रामर लॅपटॉप काखोटीला मारून आपल्या वृद्ध शिक्षिकेकडे आला. चेहरा पार उतरलेला. एका दवाखान्यासाठी त्याने रुग्णांना नंबर देणारी वेबसाइट केली होती. आयुष्यातले पहिलेच काम. तयार सांगाडा देणारे फ्रेमवर्क हाताशी असल्यामुळे पाने झटपट आणि देखणी उभी राहिली. पण दोन रुग्णांना एकच नंबर जाऊ लागला, आणि असे का होते हे काही केल्या त्याला उमगेना.

“बाई, तुम्हीच दुरुस्त करून द्या. नाहीतर मी हे सगळं सोडतो. मला नाही जमायचं.”

बाईंनी लॅपटॉप उघडलाही नाही. त्या दिवशी संकष्टी होती. तांदळाच्या पिठीची नुकतीच काढलेली उकड त्यांनी न मळताच त्याच्यापुढे ठेवली आणि मोदकाचा साचा हातात दिला. “आधी मोदक कर.”

तो बुचकळ्यात पडला, पण बाईंचा शब्द कसा मोडणार? साच्याने आपले काम चोख केले. एकसारख्या कळ्यांचे मोदक पाहून स्वारी जरा खुललीही. मग वाफ बसली, झाकण निघाले, आणि पाहतो तो निम्मे मोदक फुटून सारण बाहेर आलेले.

“साचा आकार देतो रे, उकड मळून देत नाही,” बाई म्हणाल्या. “साचा मीही वापरते, त्यात कमीपणा नाही. पण मळणं तू टाळलंस, इथेही आणि शिकतानाही. का?”

त्याने फुटलेले मोदक बाजूला सारले. “मळताना दाखवण्यासारखं काही नसतं, बाई. घरी रोज विचारतात, आज काय केलंस? त्यांना कोडमधला चार ओळींचा लूप दाखवू? बरोबरची मुलं वेबसाइट दाखवतात.”

अशा मुलांना आळशी ठरवून आपण मोकळे होतो. बाईंना मात्र भरून आले.

“मग मला दाखवत जा. कच्चं, वेडंवाकडं, असेल तसं घेऊन ये. मला त्यातलं दिसतं.”

तिथेच बसून, दोन रुग्ण एकाच क्षणी आले तर काय होते, हे तो कागदावर मांडू लागला. दवाखान्याकडून त्याने थोडी मुदत मागून घेतली. सोडण्याची भाषा मात्र पुन्हा निघाली नाही.

आपल्याही घरात कुणी असे शिकत असेल, तर ‘आज काय केलंस’ऐवजी ‘आज काय कळलं’ असे एकदा विचारून पाहावे.