पाळणा दाराबाहेर जाईना

एक होतं घर. घर चिमुकलं, सामान ढीगभर. का बरं? घरात एक बाळ होतं ना! बाळाचं नाव मुकू. मुकूचा पाळणा इथं, मुकूचा टब तिथं, बाबागाडी मधोमध, पांगुळगाडा कोपऱ्यात. आई चालायची अंग चोरून. बाबा चालायचे ठेचा खात. "आई गं! ओय ओय!"

त्याच घरात राहायची इवली मुंगी. भिंतीच्या कोपऱ्यात तिचं भोक. भोकात तिची पिल्लं. एकदा काय झालं, इवली साखरेचा दाणा घेऊन घरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय? दारच नाही! दारावर पांगुळगाड्याचं चाक! आतून पिल्लं म्हणतात, "भूक! भूक!"

इवली म्हणाली,
"पांगुळगाडेदादा, सरक ना!
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

पांगुळगाडा म्हणाला, "सरकलो असतो गं! पण सरकू कुठं? बाबागाडी सरकली, तर मी सरकेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाबागाडीत मुकू नव्हताच. होत्या उशा, दुपटी आणि बाबांची छत्री!

"बाबागाडीताई, सरक ना!
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

बाबागाडी म्हणाली, "टबाचा काठ मला टोचतोय बाई. टब सरकला, तर मी सरकेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टब अंघोळीचा, पण पाण्याचा थेंब नाही. आत खुळखुळेच खुळखुळे!

"टबभाऊ, सरक ना!
बाबागाडी सरकेना,
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

टब म्हणाला, "मी पाळण्याखाली अडकलोय. पाळणा दाराबाहेर गेला, तर मी सरकेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाळणेआजोबा, बाहेर जा ना!
टब सरकेना,
बाबागाडी सरकेना,
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

पाळणा कुरकुरला. कुईं कुईं! "मलाही जायचंय गं. शेजारी सुमनकाकूंकडे नवी तान्ही आलीय. ऐक, कशी रडते! ट्यां ट्यां! पण रिकामा पाळणा कधी दाराबाहेर जातो का? नारळ माझ्यात बसला, तर मी जाईन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नारळ होता देवापाशी.

"नारळोबा, पाळण्यात बसा ना!
पाळणा जाईना,
टब सरकेना,
बाबागाडी सरकेना,
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

नारळानं शेंडी हलवली. "मला का पाय आहेत? आईनं उचललं, तर मी बसेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आई बसली होती दुपट्यांच्या घड्या घालत.

"मुकूच्या आई, नारळ उचला ना!
नारळ बसेना,
पाळणा जाईना,
टब सरकेना,
बाबागाडी सरकेना,
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

आई म्हणाली, "कशी उचलू गं बाई? मी देवाला बोललेय. मुकूनं पहिलं पाऊल टाकलं, की पाळणा दुसऱ्या बाळाला देईन. त्याआधी नाही. मुकू चालला, तर मी उचलेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मुकू पाळण्याची दांडी धरून उभा.

"मुकूबाळा, चाल ना!
आई उचलेना,
नारळ बसेना,
पाळणा जाईना,
टब सरकेना,
बाबागाडी सरकेना,
पांगुळगाडा सरकेना,
माझं दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

मुकू म्हणाला, "अंहं!" आणि दांडी आणखीच घट्ट धरली.

इवलीला आलं रडू. पण ती रडत बसली नाही. पिल्लं भुकेली ना! ती चढली मुकूच्या अंगठ्यावर. गुदुगुदु! गुदुगुदु! मुकू हसला. खी खी खी! इवली उतरली आणि पुढं पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मूं! मूं!" मुकूला मुंगी हवी. एक हात सुटला. दुसरा हात सुटला. आणि...

टप्प! एक पाऊल!
टप्प! दुसरं पाऊल!

"अगंबाई, चालला! माझा मुकू चालला! अहो, बघा तरी!"

बाबा धावत आले. "आई गं! ओय ओय!" मुकू धप्पकन बसला आणि त्यानंच टाळ्या पिटल्या.

आईनं देवाला हात जोडले. मग काय विचारता!

मुकू चालला,
आईनं नारळ उचलला,
नारळ पाळण्यात बसला,
पाळणा दाराबाहेर निघाला, कुईं कुईं!
टब सरकला, खुळखुळ!
बाबागाडी सरकली, गडगड!
पांगुळगाडा सरकला, सर्रर्र!
आणि इवलीचं दार उघडलं!

"आली! आली!" पिल्लं ओरडली. सगळी साखरेला बिलगली. चट् चट् चट्!

आई म्हणाली, "टबही द्या हो सुमनकाकूंना. बाबागाडीही द्या. आणि तो पांगुळगाडासुद्धा! आमचा मुकू आता चालतो."

बाबा म्हणाले, "आणि माझी छत्री?"

"तेवढी ठेवा!"

शेजारी पाळणा झुलला. ट्यां ट्यां थांबलं. आणि इकडं? इकडं मुकू निघाला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. टप्प टप्प टप्प! मध्ये कुणी नाही, काही नाही!

इवलीच्या पिल्लांचं पोट भरलं, तसं सगळ्यांच्या पिल्लांचं भरो. मुकूला चालायला जागा मिळाली, तशी सगळ्या बाळांना मिळो!