रानलसणीचा वास

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांनी डोंगरातून रानलसणीचे गड्डे मातीसकट आणून आपल्या परसात लावले. वाफा चांगला माजला. त्याची निगा त्यांच्या शिष्याकडे होती. शिष्य बुद्धिमान होता आणि हे त्याला पुरते ठाऊकही होते. या दुखण्यावर वैद्यांकडेही औषध नसते. गुरूंनी त्याला एक नियम घालून दिला होता. पान खुडले की बोटांत चुरगाळून हुंगायचे आणि लसणीचा वास आला तरच परडीत टाकायचे. डोंगरच्या मातीबरोबर आणखी काय काय येते, याचा नेम नसतो.

एके दिवशी छातीच्या धडधडीने बेजार झालेला एक व्यापारी औषधासाठी आला. वैद्यबुवा बाहेर गेले होते आणि जेवणवेळ झाली होती. शिष्याने पाहुण्याला पाटावर बसवले आणि परसातली पाने खुडून ताजी चटणी वाटली. व्यापाऱ्याने चित्राहुती घातल्या, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडाकडे नेला.

इतक्यात परसदारातून वैद्यबुवा धावत आले. त्यांनी तो घास हातातून हिसकावला आणि समोरचे ताट उचलून अंगणात भिरकावले.

"शेटजी, चटणी पोटात गेली का? बोटभर तरी?"

"एक कणही नाही!" व्यापारी संतापाने उठला. "भरल्या ताटावरून उठवता? दारच्या कुत्र्यालाही कुणी असे वागवत नाही, वैद्यबुवा!"

वैद्यबुवांनी त्याचे मनगट धरले आणि नाडी पाहत बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. शिष्याचे तोंड उतरले होते. गुरूंनी अन्न फेकलेले त्याने आजवर पाहिले नव्हते.

शेवटी मनगट सोडून ते शिष्याला म्हणाले, "वाफ्याच्या कडेला रानकांदा उगवला आहे. त्याची पाने आताच खुडलेली दिसली. निरोगी माणसाचेही हृदय बंद पाडणारे विष आहे ते."

"शक्य नाही, गुरुजी! एकूण एक पान मी हुंगले. प्रत्येकाला लसणीचाच वास होता. तुमच्या पायांची शपथ!"

"शपथ खरी आहे तुझी," असे म्हणत वैद्यबुवांनी अंगणातला एक गोटा उचलून त्याच्या हातात दिला. "हा चोळ आणि हुंग."

शिष्याने गोटा चोळला, नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दगडाला लसणीचा वास येत होता.

वैद्यबुवा शांतपणे म्हणाले, "पहिली पाने खरी होती. त्यांचा वास तुझ्या बोटांना लागला. त्यानंतर तू पान हुंगतच नव्हतास, आपलीच बोटे हुंगत होतास. निव्वळ खोटे कुणालाही ओळखता येते, बाळ. खऱ्याच्या पाठोपाठ आलेले खोटे मात्र भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून दर पानानंतर हात धुवावा."

"मी यांचा जीव घेतला असता," शिष्य कसाबसा बोलला.

"होय," गुरू म्हणाले.

शिष्य रांजणापाशी जाऊन राख लावून हात घासू लागला. घासता घासता त्याला रडू आवरेना. व्यापारी हळूच त्याच्या शेजारी आला आणि त्याने आपले दोन्ही हात पुढे केले.

"माझ्याही हातांवर पाणी घाल," तो म्हणाला. "आमचे मुनीम आजवर कधी खोटे बोलले नाहीत. म्हणून आज सकाळी त्यांच्या नुसत्या शब्दावर मी एका नोकराला चोर ठरवून हाकलले. त्याला एक शब्द विचारला नाही."

वैद्यबुवांनी नवे ताट वाढायला सांगितले. पण व्यापारी तोवर जोडे घालून उपाशीच निघाला होता. तो नोकर संध्याकाळच्या आत गाव सोडणार होता.