दार वेळेवर लागलं

माळावरच्या एका गावात भागोजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे कसा? आईने सांगितलं, "भागू, दुधाकडे बघत बस." भागू बघत बसला. दूध वर आलं, उतू गेलं, चुलीत सांडलं, चूल विझली. भागूची नजर काही हलली नाही.

मनाने मात्र सोन्यासारखा. सांगितलेलं काम टाळणं त्याला माहीतच नव्हतं.

त्याच माळावर विमानतळ झाला. रोज एक विमान यायचं आणि माणसं भरून परत जायचं. कंपनीचं नाव 'पाखरू'. तिकीट इतकं स्वस्त की एसटीने जाणारी माणसंही विमानात चढायला लागली. भागूला तिथे मदतनिसाची नोकरी लागली. निळा शर्ट मिळाला, गळ्यात ओळखपत्र आलं.

शेजारच्या गावात तात्या ढोबळे राहायचे. त्यांची मुलगी वैजू. तिला भागू आवडायचा आणि भागूला ती. तात्या म्हणाले, "पोरगा गुणाचा आहे, पण कुठे टिकत नाही. दिवाळीपर्यंत ही नोकरी टिकवून दाखवू दे. तुळशीचं लग्न झालं की यांचंही लावून देऊ. नाही टिकली तर मी दुसरं स्थळ बघायला मोकळा."

वैजूने भागूला निरोप धाडला, "मॅडम सांगतील तेवढंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

भागूने ते मनात पक्कं धरलं.

मॅडम म्हणजे मिरजकर मॅडम, भागूच्या साहेब. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "भागोजी, आपला धंदा समजून घे. तिकीट आपण स्वस्तात देतो आणि बाकीचं विकत देतो. पाणी वेगळं, खिडकी वेगळी, जड बॅग वेगळी. तिकिटात फक्त बसणं. फुकट काही द्यायचं नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

थोड्या वेळाने एक म्हातारी आली. लेकाकडे निघाली होती, विमानात पहिल्यांदाच बसणार होती. तिने भागूचा हात धरला. "बाळा, जीव घाबरतोय रे. पडणार तर नाही ना हे?"

भागूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्याला फार वाटलं. पण नोकरीचा प्रश्न होता.

"आजी," तो म्हणाला, "धीर तिकिटात धरलेला नाही. वेगळा घ्यावा लागेल."

म्हातारीने कनवटीला हात घातला. "केवढ्याला आहे?"

"ते मॅडमना विचारून सांगतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, माणूस आहेस का दगड? प्रवासी म्हणजे आपल्या घरचा पाहुणा! घरी पाहुण्याशी वागतोस तसंच इथे वागायचं."

"अगदी तसंच?"

"अगदी तसंच!"

भागूला हायसं वाटलं. पाहुण्याशी कसं वागायचं, ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या गावात पाहुणा सहजासहजी सुटत नाही. तो निघतो म्हणाला की घरातलं कोणीतरी हळूच त्याच्या चपला लपवतं. चपला जितका वेळ सापडत नाहीत, तितकी माया जास्त.

विमानतळावर तपासणीच्या वेळी लोक बूट काढून ट्रेमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी लोक तपासणीतून बाहेर आले, तर ट्रे रिकामे.

"माझे बूट कुठे आहेत?" टाय लावलेला एक माणूस ओरडला.

भागू हसत पुढे झाला. "आजच निघालात? राहा की एक दिवस."

"अहो, मला मीटिंग आहे!"

"मीटिंग काय, रोजचीच आहे. आईने पिठलं टाकलंय. जेवल्याशिवाय सोडायचा नाही मी."

झाडू-फडक्यांच्या कपाटात बूट सापडेपर्यंत विमानाची वेळ कधीच टळून गेली होती. काहींनी दुसऱ्याचे घातले. टायवाला माणूस एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी सँडल घालून मीटिंगला गेला.

मॅडम आता रडकुंडीला आल्या होत्या. "भागोजी, शेवटचं सांगते. पुन्हा चुकलास तर घरी जा. विमान जमिनीवर उभं राहिलं की कंपनी बुडते. म्हणून वेळ झाली की दार बंद! मग बाहेर कोणी का असेना. मंत्री असो, माझा बाप असो. ओरडेल, हातापाया पडेल, म्हणेल माझ्यावाचून सगळं अडलंय. सगळ्यांना तसंच वाटतं. कोणावाचून काही अडत नाही. आलं लक्षात?"

"आलं, मॅडम. कोणावाचून काही अडत नाही."

त्या दिवसापासून भागू घड्याळाखाली उभा राहू लागला. काटा आला की दार लागलं. माणसं ओरडली, हातापाया पडली. भागू सगळ्यांना हात जोडायचा, पण दार उघडायचा नाही. मॅडम खूश झाल्या. तात्यांच्या कानावर गेलं, तात्या खूश झाले. दिवाळी तोंडावर आली.

आणि एके दिवशी दार लागल्यावर एक माणूस धावत आला. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात चहाचा कप.

"दार उघड! चहा घ्यायला गेलो होतो."

"वेळ झाली, साहेब."

"अरे, मी पायलट आहे! गणवेश दिसत नाही?"

भागूने पट्ट्या नीट बघितल्या. "असा गणवेश आमच्या गावच्या बँडवाल्याचाही आहे."

"विमान मी चालवतो! माझ्यावाचून उडणार कसं ते?"

भागूला त्याची दया आली. "सगळ्यांना तसंच वाटतं, साहेब. कोणावाचून काही अडत नाही. उद्याच्या विमानाने या. तिकीट बदलायचे वेगळे पैसे पडतील." आणि पाहुणा म्हणून त्याला स्वतः रिक्षापर्यंत पोचवून आला.

विमान संध्याकाळपर्यंत जागचं हललं नाही. आतल्या माणसांनी पाणी विकत घेतलं, मग बिस्किटं विकत घेतली, मग भांडणं केली.

आईने भागूचा डबा भरणं बंद केलं. वैजू दोन दिवस जेवली नाही. आता नोकरी गेलीच.

पण कंपनीच्या मोठ्या ऑफिसात विमानाचं दार किती वाजता लागलं, तेवढंच बघायची पद्धत होती. विमान उडालं का, ते बघणारं खातं वेगळं. पाण्याची आणि बिस्किटांची विक्री तर कधी झाली नव्हती एवढी झाली होती. पायलटला उशिरा आल्याबद्दल नोटीस गेली. भागूला बक्षीस आलं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. तात्यांनी शब्द पाळला.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालय भरून गेलं. मिरजकर मॅडम पहिल्या रांगेत. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला. परत येताना मित्र बँडपुढे नाचू लागले, भागूला खांद्यावर घेतलं आणि नाचता नाचता मुहूर्त टळला. भागू धापा टाकत दारात पोचला तेव्हा कार्यालयातलं घड्याळ समोरच होतं. काटा पुढे गेला होता.

आत वैजू हार घेऊन उभी. मधे अंतरपाट. अंतरपाटापलीकडे कोणी नाही.

भागूने घड्याळाकडे बघितलं. वैजूकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने कार्यालयाचं दार बाहेरून ओढून घेतलं, कडी लावली आणि पायरीवर बसला.

आत गलका झाला. तात्या दारावर धडका मारू लागले. मॅडम खिडकीशी धावल्या. "भागोजी, कडी काढ! अरे, नवरा मुलगा तू आहेस. तुझ्यावाचून लग्न लागणार कसं?"

भागूने बाशिंग सावरलं आणि हात जोडले.

"मॅडम," तो म्हणाला, "सगळ्यांना तसंच वाटतं."