तात्यासाहेबांची मान

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब राज्यशास्त्र विभाग बंद करायला निघाले. भर सभेत त्यांनी प्राध्यापकांना दरडावलं, "विभाग राहावा असं कुणाला वाटतं? हात वर करा!"

एकही हात हलला नाही.

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून सभेला आलेल्या मंजिरीचं याच विभागातलं शेवटचं वर्ष उरलं होतं. मान खाली घातलेल्या आपल्या सरांकडे पाहून तिचा जीव जळला.

"बघ पोरी, ही लोकशाही!" तात्यासाहेब तिला म्हणाले. "हा विषय शिकून येतं तरी काय गं तुला?"

"आधी भिंतीकडे तोंड करून तो हात वर करायचा प्रश्न पुन्हा विचारा, मग सांगते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. तात्यासाहेब मात्र तसेच बसून राहिले.

"मतदान गुप्त का असावं, ते येतं," मंजिरी म्हणाली. "ते तुम्हालाही येतं, म्हणून तर मान वळत नाही!"

विभाग जूनमध्ये बंद झाला. ठराव एकमताने मंजूर.