चोचपाणी

त्या राज्यात पाणी वरून खाली वाहत होतं, आणि वर राहणाऱ्यांना खालच्यांचं काही पडलेलं नव्हतं.

वर टेकडीवर रानडुकरांची रंगकुंडं होती. दरबारातल्या हत्तींच्या झुली लालभडकच असल्या पाहिजेत असा दंडक होता, आणि त्या रंगवण्याचं काम रानडुकरांकडे होतं. झुली बुचकळून झाल्या की उरलेलं पाणी ती एका चरातून खाली सोडून देत. खाली बदकांची पाणथळ होती. तिला उजवा काठ आणि डावा काठ, मधे एका दमात पोहून जाता येईल एवढं पाणी. ते पाणी गेली काही वर्षं तांबूस झालं होतं, आणि तेव्हापासून बदकांची अंडी धड राहत नव्हती. कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं व्हायचं. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटायचं. आपलंच पोर आपल्याच पोटाखाली गेलं, हे त्या आईला ओलं लागल्यावर कळायचं.

उजव्या काठावर कवडी नावाची बदकीण राहत होती. समोरच्या डाव्या काठावर तिची धाकटी बहीण पवळी. कवडीच्या तीन विणी अशा वाया गेल्या होत्या आणि तिचं वय उताराला लागलं होतं. फार तर आणखी दोन विणी होतील, तेवढ्यात एक तरी पिल्लू पाण्यात उतरलेलं बघायचं, दुसरं तिला काही नको होतं.

बदकं तक्रार घेऊन टेकडीवर गेली. रानडुकरांचा मुकादम चिखलात लोळत होता. तो उठलासुद्धा नाही.

"पाण्याने अंडी फुटतात, हे सिद्ध झालंय का?" त्याने विचारलं.

"आम्ही रोज बघतो की," कवडी म्हणाली.

"बघणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. जा, सिद्ध करून या."

काय पण शहाणपणा! घाण यांनी करायची आणि ती घाण आहे हे सिद्ध मात्र तिनं करायचं, जिच्या पोटाखाली अंडं फुटलंय. पण बदकं गरीब, त्यांनी तेही ऐकलं. दरबाराकडे अर्ज गेला आणि दरबाराने करकोचे पाठवले.

करकोच्यांचा प्रमुख होता आचार्य दीर्घचंचू. राज्यातल्या सगळ्या दुखण्यांचा अभ्यास त्याच्याकडे. त्याचे पाय इतके लांब, की पाणथळीच्या मधोमध उभा राहिला तरी पोटाला थेंब लागत नसे. प्यायचं पाणी तो बरोबर घेऊनच आला होता, वरच्या झऱ्याचं, भोपळ्यात भरून. बदकांनी ते पाहिलं, पण पाहुण्याला कसं विचारायचं म्हणून कुणी बोललं नाही.

करकोच्यांनी प्रत्येक बदकाला तोललं, माप घेतलं, एकेक पीस उपटून जपून ठेवलं. मग प्रश्न. दिवसातून किती वेळा पंख झटकता? रागावता का? आजी कशाने गेली? एकशे बारा प्रश्न विचारून झाल्यावर आचार्याने अभ्यासाची पद्धत सांगितली. उजव्या काठाला वरच्या झऱ्याचं निर्मळ पाणी भोपळे भरभरून मिळेल. डाव्या काठाने नेहमीचं तांबडं पाणीच प्यायचं. डाव्यांनी भोपळ्यांना चोच लावायची नाही. विणीच्या शेवटी दोन्हीकडची फुटलेली अंडी मोजायची, की फरक आपोआप दिसेल.

"आणि डाव्यांचं काय?" पवळीने विचारलं.

"डाव्यांशिवाय उजव्यांना अर्थ नाही," आचार्य प्रेमाने म्हणाला.

आता त्या बदकांची एक रीत होती. फार पूर्वी दोन्ही काठांचं मोठं भांडण झालं होतं, आणि ते मिटवताना जुन्या जाणत्यांनी ठरवून दिलं होतं, की बदकीण अंड्यावर आली की पिल्लं निघेपर्यंत तिने घरट्यातून हलायचं नाही, आणि तिला पाणी समोरच्या काठावरच्यांनी चोचीतून आणून द्यायचं. त्याला ती चोचपाणी म्हणत. ज्याची पोरं तू पाणी पाजून वाढवलीस त्याच्याशी भांडशील कसा, हा त्यामागचा विचार. आणलेलं चोचपाणी नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. ही रीत त्यांच्या इतकी अंगात मुरलेली होती, की ती सांगायची असते हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि एकशे बारा प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्वानाने, तुम्हाला घरट्यात पाणी कोण आणून देतं, हा एक प्रश्न काही विचारला नाही.

विणीचा हंगाम आला. उजवी बदकं भोपळ्यातलं निर्मळ पाणी चोचीत धरून डाव्या घरट्यांकडे निघाली. डावी बदकं तांबडं पाणी घेऊन उजव्या घरट्यांकडे. कवडी अंड्यावर आली तेव्हा तिच्या समोर पवळीचा नवरा तांबडं पाणी घेऊन उभा. तिला ते पाणी दिसत होतं. पण रोज पहाटे एवढं पोहून येणाऱ्या मेव्हण्याचं चोचपाणी परत कसं पाठवायचं? तिने डोळे मिटून घोट घेतला.

त्या वर्षी डाव्या काठावर पिल्लंच पिल्लं झाली. पवळीची पाच. उजव्या काठावर जवळजवळ सगळी अंडी फुटली. कवडीचं एकही वाचलं नाही.

आचार्याने मोजणी केली, पुन्हा केली, आणि निष्कर्ष जाहीर केला: निर्मळ पाण्याने अंडी फुटण्याची जोखीम वाढते, तांबड्या पाण्याने ती कमी होते.

बदकं धावतच त्याच्याकडे गेली. कवडी तर रडतच बोलत होती. "आचार्य, आमचं चुकलं. आम्ही पाण्याची अदलाबदल केली हो! उजव्या घरट्यांनी तांबडं प्यायलं, डाव्यांनी निर्मळ. आमची रीतच आहे तशी."

"रीत?" आचार्याने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "रीत असा रकाना यात नाही."

"मग घाला ना एक!"

"अभ्यास झाल्यावर रकाना घालता येत नाही, बाई. त्याला लबाडी म्हणतात."

टेकडीवर त्या दिवशी मेजवानी झाली. रानडुकरांनी आचार्याच्या गळ्यात लाल झूल घातली, आणि बदकांच्या आरोग्यासाठी म्हणून आणखी दोन कुंडं खोदली. पाणथळीचं पाणी आता तांबूस राहिलं नाही, चांगलं लाल झालं. संताप येतो सांगताना, पण बदकांच्या भल्यासाठी उचललेलं पाऊल म्हणून त्या कुंडांचं उद्घाटन झालं आणि बदकांनाच तिथे गाणं म्हणायला बोलावलं.

कवडी गाणं म्हणायला गेली नाही. ती आचार्यासमोर जाऊन बसली आणि उठेचना. पुन्हा अभ्यास करा, एवढंच म्हणत राहिली. आचार्यालाही दुसरा अभ्यास नको होता असं नाही, अभ्यास वाढला की त्याचा मान वाढत होता. त्याने एक अट घातली. या खेपेला चोचपाणी बंद. उजव्यांनी उजव्यांना पाजायचं, डाव्यांनी डाव्यांना. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर सगळं फुकट.

बदकांनी शब्द दिला. शब्द देणं सोपं होतं. पाळायची वेळ आली तेव्हा त्यांच्या जिवाचं काय झालं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. कवडी आणि पवळी एकाच सुमाराला अंड्यावर आल्या. समोरासमोर घरटी, एकीला दुसरी दिसत होती. कवडीला तिच्या काठावरची बदकं झऱ्याचं थंडगार पाणी देत होती. समोर पवळी ते लाल पाणी गिळत होती आणि गिळताना तिची मान थरथरत होती.

आठव्या दिवशी कवडीला राहवलं नाही. तिने चोच भरून घेतली, घरटं सोडलं आणि निघाली. अर्ध्या पाण्यात पोचली तेवढ्यात पवळी तिकडून ओरडली.

"अक्का, मागे फिर! एक थेंब आणलास तर माझी शपथ आहे तुला!"

कवडीला उत्तर देता येईना, तोंडात पाणी होतं.

"माझी फुटणारच आहेत गं," पवळी म्हणाली. "निदान मोजली तरी जाऊ देत. तू आणलंस तर पुन्हा सगळा घोळ होईल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच. जा, तुझी सांभाळ."

कवडीने मधोमध थांबून ते पाणी गिळलं. झऱ्याचं गोड पाणी, पण तिला ते कडू जहर लागलं. ती परत फिरली.

हंगाम संपला. कवडीच्या घरट्यात सहा पिल्लं निघाली, सहाही ठणठणीत. पवळीच्या घरट्यात सहा अंड्यांचा चिखल झाला. सगळ्या उजव्या काठावर असंच, सगळ्या डाव्या काठावर तसंच. फरक असा लखलखीत, की आंधळ्यालाही दिसावा. पवळी रडली नाही. घरट्याजवळ कुणाला येऊ न देता ती मोजणीदार करकोच्याची वाट बघत बसली, आणि तो आल्यावर म्हणाली, "सहा. नीट लिही."

आचार्याने दोन्ही वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. बदकं भोवती गोळा झाली.

"पहिल्या वर्षी उजवीकडे फुटली," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी डावीकडे फुटली. दोन्ही वर्षं मिळून पाहिलं, तर दोन्ही काठ सारखेच. तेव्हा पाण्याबद्दल निश्चित असं काही सांगता येत नाही. विषय गुंतागुंतीचा आहे. अधिक अभ्यासाची गरज आहे."

करकोचे भोपळे उचलू लागले.

"अहो, भोपळे कुठे नेता?" कवडी पिल्लांना पंखांखाली घेत म्हणाली. "ही आता काय पितील?"

"अभ्यास संपला," आचार्य म्हणाला. "तो वेगळा विषय आहे."

संध्याकाळी तहानलेली सहा पिल्लं काठावर आली आणि लाल पाण्यात चोच घालू लागली. कवडी त्यांना मागे ढकलत होती, ती पुन्हा पुढे येत होती. किती वेळ ढकलणार? पवळी समोरून ते बघत होती. तिने आपल्या काठावरच्या बायकांना हाक मारली, ज्यांची ज्यांची घरटी चिखल झाली होती त्या सगळ्यांना.

"चला," ती म्हणाली. "खुडूक बसायची सवय आहेच आपल्याला. वर जाऊन बसू."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रानडुकरांनी पाहिलं, तर चराच्या तोंडात बदकिणी बसल्या होत्या. अंगाला अंग लावून, पिसं फुलवून, बूच मारल्यासारख्या. मुकादमाने शिव्या घातल्या. मग सुळे चालवले. चार बदकिणी तुडवल्या गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या चार बसल्या. कुंडं तर चालूच होती, दरबारात सण होता आणि झुली द्यायच्याच होत्या. पाणी तुंबलं, चढलं, आणि खाली जायला वाट मिळेना तसं कुंडाच्या दुसऱ्या कडेवरून पलीकडच्या उताराला लागलं. त्या उताराच्या पायथ्याशी दरबाराचं तळं होतं. दुपारपर्यंत ते लाल झालं.

राणी सिंहीण आपल्या सहा बछड्यांना घेऊन पाण्यावर आली होती. ती काठावरच थबकली. एका हाकेत सगळे हजर झाले: मुकादम, आचार्य, आणि हत्तींनी फरफटत आणलेली पवळी, पिसं रक्ताने चिकटलेली.

"काय आहे या पाण्यात?" सिंहिणीने विचारलं.

"काही नाही, महाराणी," मुकादम घाईने म्हणाला. "रंग आहे नुसता. त्याने अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही. विचारा आचार्यांना."

आचार्याने घसा खाकरला. "खरं आहे. निश्चित असं काही सांगता येत नाही."

सिंहीण पवळीकडे वळली. पवळीला नीट उभंही राहता येत नव्हतं, पण आवाज स्वच्छ होता.

"सांगता येत नाही ना, महाराणी? मग बघून घ्या. सोपं आहे, आम्ही दोनदा केलंय. बछडी सहा आहेत. तीन या काठाला ठेवा, त्यांना झऱ्याचं पाणी द्या. तीन त्या काठाला ठेवा, ती या तळ्यातलं पितील. एका हंगामात कळेल. आचार्य मोजतील."

आचार्य तक्ता उघडायला लागला होता, त्याची चोच तशीच राहिली. सर्वांत धाकटं बछडं तहानेने कासावीस होऊन पाण्याकडे सरकलं. सिंहिणीने झडप घालून त्याला मानगुटीला धरून मागे ओढलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि सहाही बछडी पाण्यापासून लांब, आपल्या एकाच कुशीला घट्ट दाबून धरली.